सांडपाणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कळंगुटला आमच्या हॉटेलात फिरत्या चकत्यांचा (आरबीसी) एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प आहे. तीन कप्पे, चकत्यांचे क्षेत्रफळ ४००, २०० आणि २०० चौ. मी. एरवी रोज ४० घनमीटर सांडपाणी येते, डिसेंबरात ६०. तेव्हा पाणी कितपत शुद्ध होईल, हे आधी कसे काढायचे?

उत्तर : आधी बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, नीट मोजा. प्राथमिक टाकीनंतरचे पाणी दिवसभर दर दोन तासांनी घ्या, एकत्र करा आणि प्रयोगशाळेला ते गाळून मग बीओडी काढायला सांगा. हिशोब या विरघळलेल्या बीओडीचा असतो. सकाळी आंघोळीच्या वेळचा एकच डबा पाठवला, तर पुढचे सगळे आकडे फसतात.

समजा तो १२० मिलिग्रॅम प्रति लिटर आला. कप्प्याच्या चौ. मी.ला रोजच्या घनमीटरांनी भागा आणि ०.००९७४ ने गुणा. या संख्येला ‘म’ म्हणू. मग:

म × (बाहेरचा बीओडी)² + बाहेरचा बीओडी = आत आलेला बीओडी

४० घनमीटरला पहिल्या कप्प्याचा म ०.०९७४ येतो आणि बाहेर ३०.३ पडतो. तोच दुसऱ्या कप्प्यात घाला : १६.७. तिसऱ्यानंतर १०.९. डिसेंबरचे ६० घनमीटर घातले तर शेवटी १४.५. आकडा बरा दिसतो, पण त्यावर विसंबू नका. या सूत्राला ऑक्सिजन संपलेला कळत नाही.

पहिल्या कप्प्यावरचा बीओडीचा भार पाहा. ४० × १२० ÷ ४०० म्हणजे दर चौ. मी.ला रोज १२ ग्रॅम. डिसेंबरात तो १८ होतो. १२ ते १५ च्या पुढे चकतीवरचा, घाण खाणाऱ्या जिवाणूंचा थर आतून गुदमरतो. तपकिरी थरावर पांढरा, कापसासारखा पापुद्रा चढतो आणि कुजक्या अंड्यांचा वास येतो. ते गंधकावर जगणारे जिवाणू. थर जड होतो, शाफ्टवर ताण येतो, आणि १४.५ कागदावरच राहतो.

पहिल्या दोन कप्प्यांमधली पडदी काढता येत असेल, तर डिसेंबरपुरती काढा. आता ६०० चौ. मी.वर भार पुन्हा १२ होतो. हिशोब शेवटी १८.८ देतो, तो जास्त असला तरी खरा ठरण्याजोगा आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातली मर्यादा याहून कमी असेल तर चकत्या वाढवाव्याच लागतील. समतोल टाकीने (पाणी साठवून सारख्या वेगाने पुढे सोडणाऱ्या) दिवसातले चढउतार सपाट होतात, महिनाभराची गर्दी नाही. आणि मासळी तळल्याचे तेल ग्रीस ट्रॅपमध्येच अडले पाहिजे, नाहीतर ते थरावर बसून हवा तोडते.

अमोनिया काढायचा असेल तर आणखी एक गोष्ट. विरघळलेला बीओडी १५ च्या खाली आल्यावरच ते काम सुरू होते, म्हणजे डिसेंबरात जवळजवळ नाहीच. एरवीही दर मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) खर्ची पडते. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी बहुधा मऊ असते, तेव्हा क्षारताही तपासून घ्या.

प्रश्न : पावसात वीज तासन् तास जाते. सुरू करताना मोटर ट्रिप होते. का?

उत्तर : चकतीचा सुमारे ४० टक्के भाग पाण्यात असतो. थांबली की वरचा थर वाळून हलका होतो, खालचा ओला आणि जड राहतो. तोल गेलेला शाफ्ट मोटरला उचलत नाही, बळजबरी केली तर तोच मोडतो. वीज येईपर्यंत वाट पाहू नका : मेन स्विच बंद करून दर तासाला हाताने पाव फेरी द्या, वरच्या भागावर पाणी शिंपडत राहा.