दप्तर ऑडिटला गेलंय?

प्रश्न : मुंबईतली नोकरी संपवून चार वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहायला आलो. वस्तीकडच्या रस्त्याला पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून पेव्हर ब्लॉक बसवल्याचं पूर्ण बिल निघालं. ब्लॉक मात्र देवळापाशीच संपतात. ग्रामसभेत विचारलं तर गणसंख्या (सभेला लागणारी किमान हजेरी) नाही म्हणून सभा तहकूब. पुढची सभा कधी झाली ते कुणालाच माहीत नाही, पण वहीत ती झालेली आहे आणि सह्या घरोघर फिरून घेतल्या असं लोक सांगतात. मग माहिती अधिकारात अर्ज केला. ग्रामसेवकांनी हातात घेतला नाही, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवला. तो 12 जूनला पोचला. आज 26 जुलै. लेखी उत्तर नाही, तोंडी ‘दप्तर ऑडिटला गेलंय’ एवढंच. सरपंच माझा चुलतभाऊ. अर्ज मागे घे म्हणतो. काय करावं?

उत्तर : आधी कॅलेंडर बघा, भावकीचं नंतर बघू. अर्ज पोचल्यापासून 30 दिवसांत उत्तर द्यायचं असतं, ती मुदत 12 जुलैला संपली. उत्तर न देणं म्हणजे कायद्याने नकारच. त्या दिवसापासून पहिलं अपील करायला तुम्हाला 30 दिवस आहेत, म्हणजे 11 ऑगस्टपर्यंत. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे लोक इथेच चुकतात: ‘आज देतो, उद्या देतो’ ऐकत बसतात आणि तारीख निघून जाते. उशिराचं कारण पटलं तर अपील घेता येतं, पण ते पटवण्याची पाळी कशाला आणायची?

अपील जोडपत्र ‘ब’ या ठरलेल्या नमुन्यात, 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. ते ऐकणारे अपिलीय अधिकारी पंचायत समितीत बसतात, बहुधा विस्तार अधिकारी (पंचायत) किंवा गटविकास अधिकारी. नेमके कोण, ते तिथल्या फलकावर असतं. निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत. सोबत अर्जाची प्रत आणि पोस्टाची पावती जोडा. ती पावती जपून ठेवलीत, हे सगळ्यात शहाणपणाचं काम केलंत.

आता थोडं कडू. तुमच्या अर्जाची प्रत वाचली. पाचपैकी तीन प्रश्न ‘रस्ता अर्धवट का?’, ‘जबाबदार कोण?’ या जातीचे आहेत. माहिती म्हणजे कार्यालयात आधीपासून असलेला कागद. ‘का’चं उत्तर देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2008 मध्येच तसं सांगितलंय. राग समजतो, पण अर्जात तो कामाचा नाही. अपिलात नवे प्रश्न घालता येत नाहीत, म्हणून ते चालू द्या आणि शेजारी एक नवा अर्ज करा. एकच विषय, 150 शब्दांच्या आत, कारण महाराष्ट्राच्या नियमांत तशी मर्यादा आहे. त्यात फक्त कागद मागा: कामाचं अंदाजपत्रक, प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, ठेकेदाराचं बिल, पैसे दिल्याचं प्रमाणक (व्हाउचर). माहिती कशाला हवी हे विचारायचा अधिकार त्यांना नाही.

मोजमाप पुस्तिकेवर जोर द्या. किती मीटर काम झालं ते त्यातच लिहिलेलं असतं, खाली अभियंत्याची सही असते. तुमच्या हातात फक्त टेप हवी. ही पुस्तिका बहुधा जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाकडे सापडते, म्हणून तोच अर्ज उपअभियंत्यांकडेही टाका. अर्जाच्या दहा रुपयांत दुसरं दार उघडतं. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर वित्त आयोगाच्या खर्चाची नोंद घरबसल्या दिसते, ती आधी पाहून घ्या. कायद्यात तर साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याचीही सोय आहे. एक ब्लॉक मागवून बघा, गंमत म्हणून नव्हे.

‘ऑडिटला गेलंय’ हे कारण कायद्यात कुठेच नाही. कागद दुसऱ्या सरकारी कार्यालयाकडे असेल तर अर्ज 5 दिवसांत तिकडे वर्ग करून तुम्हाला कळवायला हवं होतं. हरवलाय म्हणाले तर तसं लेखी मागा. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 खाली नियम डावलून अभिलेख नष्ट करणं किंवा त्याची विल्हेवाट लावणं हा 5 वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि या कायद्याचा नुसता उल्लेख केला तरी कपाटातून दप्तर निघताना मी पाहिलंय. मुदत उलटल्याने जुन्या अर्जाच्या प्रतींना पैसेही लागणार नाहीत. आता पानामागे 2 रुपये भरा असं पत्र आलं तर माहिती अधिकार कायद्याचं कलम 7(6) दाखवा.

ग्रामसभेचं वेगळं. गणसंख्या 15 टक्के मतदार किंवा 100, यांत कमी असेल ती. तहकूब सभेला मात्र गणसंख्येची अटच नाही, त्यामुळे ते निमित्त एकदाच चालतं. झाली म्हणतात त्या सभेची नोटीस, हजेरीची पानं आणि इतिवृत्त मागा. यादीत त्या दिवशी गावात नसलेला एखादा सापडला तर उरलेलं काम तोच करील. हा विषय निराळा, म्हणून अर्जही निराळा.

पहिल्या अपिलात काही मिळालं नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील. इथे कुणीतरी अपिलाऐवजी त्याच कायद्याच्या कलम 18 खाली आयोगाकडे नुसती तक्रार करायला सांगेल, ऐकू नका. तक्रारीवर दंड होऊ शकतो, दिवसाला 250 आणि जास्तीत जास्त 25,000 रुपये, पण कागद द्यायचा आदेश होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या मणिपूर प्रकरणात ते स्पष्ट केलंय. तुम्हाला कागद हवाय. खंडपीठाकडे रांग मोठी आहे, म्हणून खरा जोर पंचायत समितीच्या सुनावणीला लावा आणि स्वतः हजर राहा.

चुलतभावाकडे चहाला बोलावलं तर जरूर जा. फक्त तिथे कोऱ्या कागदावर किंवा ‘माहिती मिळाली’ असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका.