बाटलीच्या तळाचा थेंब

प्रिय,

अनेक आशीर्वाद. मेल वाचला. ट्रायक्लोरोएथिलीन या द्रावकाचा हेन्री स्थिरांक (रसायन हवा आणि पाणी यांत कसं वाटलं जातं ते सांगणारा आकडा) पाच वेळा मोजलास, पाचही वेळा आकडा सारखा आला, आता एमटीबीईकडे, त्या पेट्रोलमधल्या संयुगाकडे, वळू का, असं विचारलंयस. जरा थांब. आकडा किती आला हे तू लिहिलंच नाहीस, "सारखा आला" एवढंच लिहिलंस. तेवढ्यावरून मला माझी एक जुनी फजिती आठवली.

तू वापरतेस तीच पद्धत मीही वापरायचो. १६० मिलिलिटरच्या दोन सीरम बाटल्या, एकीत १० मिलिलिटर पाणी, दुसरीत १००. दोन्हींत रसायन अगदी सारखं टाकायचं, टोपी क्रिम्प करायची (कडा दाबून घट्ट बसवायची), समतोल होईपर्यंत हलवत ठेवायचं आणि वरची हवा सिरिंजने काढून जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफ, रसायन किती आहे ते आलेखावरच्या उंचवट्याने, म्हणजे 'पीक'ने, दाखवणारं यंत्र) द्यायची. कमी पाण्याच्या बाटलीतला पीक भागिले जास्त पाण्याच्या बाटलीतला पीक, हे गुणोत्तर 'ग' मानलं तर

ह = (१०० − १०ग) ÷ (१५०ग − ६०)

इथे 'ह' म्हणजे हवेतली संहती भागिले पाण्यातली संहती. कॉर्नेल विद्यापीठाच्या जेम्स गॉसेट यांनी १९८७ साली क्लोरीनयुक्त द्रावकांसाठी ही पद्धत नीट घासूनपुसून मांडली. तिची खरी गंमत अशी की रसायन नेमकं किती टाकलं हे माहीत नसलं तरी चालतं, दोन्हीकडे सारखं पडलं म्हणजे झालं. जीसीचं कॅलिब्रेशनही लागत नाही.

आता फजिती. पीक मोठा, देखणा यावा म्हणून मी प्रत्येक बाटलीत भरपूर शुद्ध ट्रायक्लोरोएथिलीन सोडलं. 'ह' आला १.०२. पुन्हा केलं, ०.९९. मग टोल्युइन घेतलं, तेही तसंच सढळ हाताने. १.०१! दोन वेगळी रसायनं आणि उत्तर एकच, आणि मी इतका खूश की वहीत त्याखाली दोन रेघा ओढल्या. आमच्या बाईंनी वही पाहिली, काही बोलल्या नाहीत, बाटली उचलून खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. तळाच्या कडेला, काचेच्या वळणात, मोहरीएवढा एक थेंब लोळत होता.

ट्रायक्लोरोएथिलीन पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड, आणि लिटरभर पाण्यात ते जेमतेम ग्रॅमभर विरघळतं. मी टाकलेलं दोन्ही बाटल्यांत मावलंच नाही. न विरघळलेला थेंब शिल्लक असेल तर वरच्या हवेतलं प्रमाण त्याच्या बाष्पदाबाने ठरतं, पाणी १० असो की १००. म्हणजे ग = १. वरच्या सूत्रात घालून बघ, ९० भागिले ९०. कुठलंही रसायन घे, उत्तर १च येणार. मी हेन्री स्थिरांक मोजतच नव्हतो, मी बाटल्यांची आकारमानं मोजत होतो. (टोल्युइनचा थेंब वर तरंगतो, तो तर आणखी चटकन दिसायला हवा होता.)

२५ अंशांना ट्रायक्लोरोएथिलीनचा 'ह' ०.४च्या आसपास यायला हवा, म्हणजे 'ग' साधारण १.७७. तुझा किती आहे बघ. मग मिथेनॉलमध्ये सौम्य स्टॉक (साठ्याचं द्रावण) कर, त्यातले काही मायक्रोलिटर टाक, आणि एक जोडी निम्म्या मात्रेने चालव. दोन्ही पीक निम्मे झाले आणि गुणोत्तर हललं नाही, तर थेंब नाही.

दुसरी शंका तापमानाची. तुमच्याकडचा वॉटर बाथ फक्त तापवणारा आहे ना? मे महिन्यात खोली ३४ अंशांवर असताना त्याची चकती २५वर फिरवून काहीच होत नाही, तो नुसता दिवा विझवून बसतो. या द्रावकांचा 'ह' दहा अंशांना साधारण दीडपट होतो. तेव्हा चिलर मिळव, नाहीतर बर्फ टाकत बस, पण थर्मामीटर पाण्यात बुडवून स्वतः वाच. ते जमत नसेल तर ३४ला मोज आणि ३४ला मोजलं असं लिही. त्यात कमीपणा काही नाही.

बारीकसारीक गोष्टी तुला ठाऊक असतील. सेप्टमची (टोपीतल्या रबरी चकतीची) टेफ्लॉनची बाजू आत, क्रिम्प केलेली टोपी बोटाने फिरली तर बाटली बाद. "१६० मिलिलिटर" हा कंपनीचा अंदाज असतो, प्रत्येक बाटली पाण्याने काठोकाठ भरून वजन कर.

आकडे पडताळताना एककं बघ. १८०३ साली मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने नियम मांडला, तेव्हापासून कोणी हवा भागिले पाणी लिहितो, कोणी पाणी भागिले हवा. जर्मनीतल्या माइन्ट्सच्या रॉल्फ झांडर यांच्या २०२३च्या संकलनात १०,१७३ रसायनांचे ४६,४३४ आकडे आहेत, आणि ते पाणी भागिले हवा या बाजूने दिलेत. अमेरिकी तक्त्यांत ०.००९६ ॲटमॉस्फिअर-घनमीटर प्रति मोल दिसलं तर घाबरू नकोस, २५ अंशांना ०.०२४५ने भाग, आपला ०.३९ निघतो.

राहिलं एमटीबीई. पेट्रोलमधलं हे संयुग पाण्याला चिकटून राहतं, 'ह' ०.०२च्या आसपास. तिथे 'ग' ७.८ येतो आणि १०कडे सरकायला लागतो. गुणोत्तरात ५ टक्के चूक झाली तर ट्रायक्लोरोएथिलीनचं उत्तर ७ टक्क्यांनी हलतं, एमटीबीईचं २० टक्क्यांहून जास्त. म्हणून त्याला दोन बाटल्यांची पद्धत लावू नकोस. टोरोंटोच्या डॉनल्ड मॅके यांनी सहकाऱ्यांसह १९७९ साली मांडलेली बुडबुड्यांची पद्धत घे. उंच नळीत पाणी, खालून बारीक बुडबुडे, आणि पाण्यातलं प्रमाण किती वेगाने घटतं ते मोजायचं. बुडबुडा वर येईपर्यंत समतोलाला पोचला पाहिजे, एवढी एकच अट. ती पाळली जाते का हे कळायला पाण्याची उंची निम्मी करून पुन्हा चालव. 'ह' बदलला तर बुडबुडे मोठे आहेत किंवा नळी तोकडी आहे.

रविवारपर्यंत दहाही बाटल्यांचे पीक एरिया (पीकखालची क्षेत्रफळं) पाठव, जसे छापून आले तसे. 'ह' काढून पाठवू नकोस, तो मी इथे काढतो.

तुझा,
सर