पळसाला पानं तीनच, पण सारखी नाहीत

प्रिय,

तुझी चारही कामं आणि सोबतचं मनोगत सावकाश पाहिलं. कामात जीव आहे. मनोगतात मात्र ‘निसर्ग हीच माझी प्रेरणा’ हे तीनदा आलंय, आणि ते वाक्य कुणाच्याही चित्राखाली चिकटवता येईल. तू पळस निवडलास. जलरंग, लिनो (लिनोलियम कोरून घेतलेला छाप), माती आणि सायनोटाइप (उन्हात उमटणारा निळा छाप) अशा चार माध्यमांतून त्याला नेलंस. प्रत्येक माध्यमाने पळसातलं काय घेतलं आणि काय नाकारलं, हे लिही. ते फक्त तुलाच लिहिता येईल.

आधी झाडच बघू. ‘पळसाला पानं तीनच’ हे आपण इतक्या सहज म्हणतो की ती तीन पानं बघायचं राहून जातं. मधली पर्णिका (म्हणजे तिघांतलं एक पान) टोकाकडे रुंद असते आणि शिरेच्या दोन्ही अंगांना जवळपास सारखी. बाजूच्या दोन तिरप्या असतात, त्यांच्या शिरेच्या एका अंगाला पान जास्त, दुसऱ्या अंगाला कमी. तुझ्या जलरंगात तिन्ही एकाच साच्यातून काढल्यासारख्या आल्यात. पान कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरव आणि शिरेपासून दोन्ही कडांचं अंतर पट्टीने मोज. पाच मिनिटं लागतात आणि पुढच्या तिन्ही माध्यमांत त्याचा उपयोग होतो.

जलरंगातलं फूल प्लास्टिकचं दिसतंय, कारण नारिंगी ट्यूबमधून निघाला तसाच लावलास. पाकळीच्या बाहेरच्या बाजूला बारीक रेशमी लव असते, त्यामुळे तिथे रंग किंचित राखाडी वाटतो. आधी पातळ पिवळा हात दे, पूर्ण वाळू दे, मग नारिंगी. लवेची चमक कागदाच्या पांढऱ्यातूनच राखायची, वरून पांढरा लावून ती येत नाही. देठाजवळचा मखमली काळसर निदलपुंज (फुलाच्या तळाची वाटी) काळ्या रंगाने केलास आणि तिथे भोक पडल्यासारखं दिसतंय. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून तो गडद कर. फुलकोबीसारखे डाग पडलेत ते अर्धवट वाळलेल्या हातावर जास्त पाण्याचा ब्रश टेकवल्यामुळे. पावसाळी हवेत रंग वाळायला बराच वेळ घेतो, म्हणून बोटाची मागची बाजू लावून बघ. कागद गार लागला तर तो अजून ओला आहे. कागद 300 जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला 300 ग्रॅम) हलका असेल तर आधी ताणून घे.

मातीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण पळस खऱ्या अर्थाने मातीचाच आहे. पान चामड्यासारखं जाड आणि मागच्या शिरा ठसठशीत, त्यामुळे ठसा असा उमटतो की पिंपळाचाही इतका उमटत नाही. पण तू पानाची वरची, गुळगुळीत बाजू मातीत दाबलीस. मागची बाजू खाली हवी. भाजायचं असेल तर शाडू नको, कुंभाराकडची मळलेली माती घे. 8 मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या दोन्ही कडांना ठेवून त्यांवरून लाटणं फिरव, म्हणजे थापी (मातीचा सपाट तुकडा) सगळीकडे सारखी होते. माती बोटाला चिकटेनाशी झाली की पान ठेव आणि देठाकडून टोकाकडे एकदाच लाटणं फिरव. दुसऱ्यांदा फिरवलंस तर शिरा दुहेरी उमटतात. पान लगेच देठाला धरून उचल. ते आतच राहिलं तर माती आकसते, पान तितकं आकसत नाही, आणि कडेला चिरा जातात. तुझ्या थापीचे कोपरे वर उचललेत, म्हणजे ती पंख्याखाली वाळली असणार. वर्तमानपत्रात सैल गुंडाळून फळीवर ठेव आणि रोज उलट. भट्टीत फुटलेला तुकडा आतून ओला होता. वाळल्यासारखा दिसणारा तुकडा गालाला लाव, गार लागला तर अजून थांब. ओल्या थापीच्या मागे 10 सेंटिमीटरची रेघ मारून ठेव आणि वाळल्यावर, भाजल्यावर पुन्हा मोज. साधारण 9 सेंटिमीटरच्या आसपास येते. म्हणजे मातीतला पळस झाडावरच्यापेक्षा लहानच होणार. मनोगतात लिहायची गोष्ट ही.

लिनोत अडचण एकच आहे, पण मोठी. शिरा उठावदार ठेवताना कोरणीचं तोंड रेघेखाली आत घुसलंय, म्हणून त्या छापताना तुटल्या. रेघेच्या दोन्ही बाजूंना उतार बाहेरच्या दिशेने दे, म्हणजे तिचा पाया रुंद राहतो. लिनो थोडा वेळ उन्हात ठेवला की मऊ होतो. दुसरा हात नेहमी कोरणीच्या मागे. शाई रोलरखाली चरचरायला हवी, चपचप वाजली तर ती जास्त आहे आणि बारीक खाचा बुजणार. छाप उलटा येतो हे लक्षात घे: बाजूची एकच पर्णिका कोरलीस तर डावीची उजवी होऊन येते.

सायनोटाइपमध्ये पळसाची नुसती पांढरी सावलीच मिळते, हेही लिही. पान जाड, प्रकाश आरपार जात नाही, त्यामुळे शिरा नाहीत, फक्त बाह्यरेषा. तुझा निळा फिका का पडला ते सांगतो. फेरिक अमोनियम सायट्रेट 25 ग्रॅम 100 मिलिलिटर पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड 10 ग्रॅम दुसऱ्या 100 मिलिलिटरमध्ये, आणि वापरण्यापूर्वी समभाग मिसळायचं, हे तुझं बरोबर होतं. हातमोजे वापर आणि त्यासाठीची भांडी स्वयंपाकघरात परत नेऊ नकोस. उन्हातल्या अतिनील किरणांनी लोहाचं रूप बदलतं आणि न विरघळणारा प्रशियन निळा तयार होतो, उरलेलं पाण्यात निघून जातं. ऊन कमी मिळालं तर निळाही कमी बनतो. म्हणून पुठ्ठा दर 2 मिनिटांनी सरकवत एक चाचणीपट्टी कर आणि लेप हिरवट-पिवळ्यावरून राखाडी झाला की थांब. दुसरं कारण पाणी. बोअरचं पाणी बहुधा क्षारयुक्त असतं आणि अल्कली या निळ्याचा शत्रू आहे. पहिल्या धुण्याला लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाक, मग साधं पाणी, पांढऱ्या भागातला पिवळेपणा जाईपर्यंत. ताजं पान काचेखाली घाम सोडतं आणि डाग पडतात, म्हणून एक दिवस वर्तमानपत्रात दाबून घे. ही पद्धत ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने 1842मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पती-अभ्यासक ॲना ॲटकिन्सने याच पद्धतीने समुद्रशेवाळं छापली. शेवाळं पातळ, त्यामुळे त्यांच्या आतली नक्षीही उतरते. एखादं पातळ पान पळसाशेजारी छाप, फरक आपोआप बोलेल.

काम करताना वही शेजारी ठेव आणि त्याच दिवशी तारीख, ऊन किती वाजताचं, किती मिनिटं, काय तुटलं, हे नोंदव. आठवड्याने लिहिलंस तर ‘खूप शिकायला मिळालं’ एवढंच उरेल.

आणि घाई कर. पानं आता पूर्ण वाढलेली, जाड आहेत. दहा-बारा दाबून ठेव. फेब्रुवारीत झाड फुलेल तेव्हा फांद्यांवर पान जवळजवळ नसेल, आणि फुलासोबत हिरवीगार पानं काढलेलं तुझं सोबतचं रेखाटन पुन्हा करावं लागेल.

सप्रेम