मुलीच्या भेटीचा आदेश आहे, पण भेट होत नाही

प्रश्न : परस्परसंमतीने घटस्फोट होऊन दीड वर्ष झालं. आमची आठ वर्षांची मुलगी आईकडे राहते. कौटुंबिक न्यायालयात दाखल केलेल्या अटींत ‘वडील दोन्ही पक्षांच्या सोयीनुसार महिन्यातून दोनदा मुलीस भेटतील’ असं लिहिलं आहे. गेल्या चार महिन्यांत एकही भेट झालेली नाही. कधी ताप, कधी परीक्षा, तर आता ‘तिलाच यायचं नाही’. दोन महिन्यांपासून मी मुलीची पोटगी थांबवली आहे. तिला थेट शाळेतून घेऊन आलो तर चालेल का? की अवमानाची याचिका करू?

उत्तर : आधी थकलेली पोटगी भरा, तीही बँकेतून, म्हणजे पुरावा राहील. पोटगी मुलीच्या हक्काची आहे, भेटीचं भाडं नव्हे. तुम्ही उद्या कोणताही अर्ज केलात तरी समोरचे वकील पहिलं वाक्य थकबाकीचं उच्चारतील, आणि चार महिन्यांच्या अडवणुकीची चर्चा तिथेच बाजूला पडेल.

शाळेतून घेऊन येण्याचा विचार सोडून द्या. ताबा आईकडे आहे. तिच्या संमतीशिवाय मुलीला नेलंत, तर आज आदेश मोडल्याची तक्रार तुमची आहे, ती उद्या तिची होईल. हेबिअस कॉर्पससाठी, म्हणजे मुलीला न्यायालयासमोर हजर करा असा आदेश मागायला, ती थेट उच्च न्यायालयात जाऊ शकते. शिवाय वर्गमैत्रिणींसमोर झालेली ओढाताण मुलगी विसरणार नाही.

आता मूळ दुखणं. तुमच्या अटीतला ‘सोयीनुसार’ हा शब्द. संमतीच्या अटी लिहिताना दोघंही दमलेले असतात, एकदाचं संपू दे म्हणून असे शब्द घालतात, आणि आम्ही वकीलही ते चालवून घेतो. पण सोय नाही असं एकाने म्हटलं की भेट संपली. असा आदेश मोडला हे सिद्ध करणंच अवघड. कुठल्या वारी, किती वाजता, कुठे, हे काहीच ठरलेलं नसताना मोडलं काय?

म्हणून माझ्या मते पहिली पायरी अवमानाची नाही, आदेश नीट लिहून घेण्याची आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ खाली मुलांच्या ताब्याबाबतचा आदेश घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतरही बदलून मागता येतो. असे आदेश कायमचे गोठलेले नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये रोझी जेकब प्रकरणातच सांगितलं आहे. अर्ज त्याच कौटुंबिक न्यायालयात करा आणि मागणी अशी नेमकी लिहा : दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी ११ ते सायंकाळी ५, मुलीला कुठून घ्यायचं, कुठे परत सोडायचं, आजारपण असेल तर आदल्या दिवशी मेसेज, बुडालेली भेट पुढच्याच शनिवारी भरून काढायची, मोठ्या सुट्टीचा अर्धा भाग, दर बुधवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल. कॉलची मागणी क्षुल्लक समजू नका. यशिता साहू प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष भेटीबरोबरच अशा संपर्काच्या हक्काचाही मुद्दाम विचार केला आहे.

‘तिलाच यायचं नाही’ हे खोटंच असेल असं धरून चालू नका. चार महिने बाप दिसला नाही, तर आठ वर्षांचं मूल बिचकतं. पालक व पाल्य कायदा, १८९० च्या कलम १७ प्रमाणे मूल समजून सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय त्याची पसंती विचारात घेऊ शकतं. न्यायाधीश बहुधा चेंबरमध्ये एकट्या मुलाशी बोलतात. त्या पसंतीने न्यायालय बांधलं जात नाही. तुम्ही स्वतःहूनच सुचवा की पहिल्या तीन-चार भेटी दोन-दोन तासांच्या आणि समुपदेशकांच्या उपस्थितीत होऊ देत. हे कमीपणाचं वाटेल, पण अशा अर्जाकडे न्यायालय वेगळ्या नजरेने पाहतं.

तोवर एक साधी वही ठेवा. तारीख, तुम्ही पाठवलेला मेसेज, आलेलं उत्तर जसंच्या तसं. शेरे नकोत. ‘मुद्दाम त्रास देते’ हे लिहू नका, ‘१०.४० : ताप आहे, आज नको’ एवढंच लिहा. मुलीला मोबाइलसमोर बसवून ‘आई काय सांगते’ हे रेकॉर्ड करणं तर अजिबात नको. असं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा ते करणाऱ्यावरच उलटतं.

नवा, वेळ-वार असलेला आदेश मिळूनही भेट झाली नाही तर कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १८ नुसार अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करा. अवमानाचा मार्गही आहे. अवमान कायदा, १९७१ खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि कार्यवाही अवमान घडल्यापासून एका वर्षाच्या आत सुरू व्हावी लागते. पण ही शेवटची पायरी ठेवा. आईला तुरुंगात पाठवायला निघालेल्या बापाला भेटायला मुलगी कोणत्या चेहऱ्याने येईल?

तुमच्या पत्राची दोन पानं घटस्फोटित पत्नीबद्दल आहेत आणि मुलीबद्दल चार ओळी. अर्ज लिहिताना हे प्रमाण उलटं करा : ती कोणत्या इयत्तेत आहे, पूर्वी भेटल्यावर तुम्ही दोघं काय करायचात, गेल्या चार महिन्यांत तिचं काय काय तुमच्याकडून हुकलं. वकिलांकडे जाताना आदेशाची प्रमाणित प्रत, पोटगी भरल्याच्या पावत्या आणि ती वही सोबत न्या.