शेतातला गाळ आणि भट्टी

प्रश्न : मी तीन वर्षांपासून मातीकाम शिकतो आहे. दर पावसाळ्यात लोहखनिजाच्या खाणींच्या डंपांवरून (टाकाऊ मातीच्या ढिगांवरून) वाहून आलेला तांबडा गाळ आमच्या शेतात साचतो. हा विषय सिरॅमिक शिल्पातून मांडण्यासाठी मी ट्रक आणि हताश शेतकरी घडवले. पण ते प्रचारफलकासारखे दिसतात. काय करावे?
— एक वाचक, डिचोली (गोवा)

उत्तर : ट्रक आणि शेतकरी दाखवण्याचे काम छायाचित्र अधिक चांगले करते. शिवाय हताश शेतकऱ्यात गोष्टीची एकच बाजू येते. २०१२ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा त्याच गावांतील खनिज वाहणाऱ्या ट्रकवाल्यांचे उत्पन्न बुडाले, हे तुम्ही शेजारीच पाहिले असेल.

तुमच्यापाशी तो गाळच आहे, तर तोच वापरावा. त्याला चिकणमातीसारखा चिवटपणा नसतो, म्हणून तो नेहमीच्या मातीत दहा, वीस, तीस टक्के असा वाढवत मिसळून सारख्या मापाच्या पट्ट्या कराव्यात. त्यातील लोह हजार अंशांच्या आसपास तांबडा रंग देते, मात्र स्टोनवेअरच्या, म्हणजे साधारण बाराशे अंशांच्या, तापमानाला तेच लोह माती वितळवू लागते आणि पट्टी वाकते किंवा फुगते. माझ्या मते, गाळ वाढत जाऊन शेवटी आकार न धरणारी ही पट्ट्यांची रांग हेच तुमचे शिल्प होऊ शकेल. काही पट्ट्या कच्च्याच ठेवून पावसात मांडाव्यात; चवथीची मातीची मूर्ती पाण्यात विरघळते ती न भाजल्यामुळेच, भट्टीतून निघालेल्या मातीचा पुन्हा चिखल होत नाही.

संख्येचाही विचार करावा. चिनी कलावंत आय वेवे यांनी २०१० साली लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात सूर्यफुलाच्या सुमारे दहा कोटी पोर्सिलेन बिया पसरल्या होत्या. लांबून ती नुसती करडी जमीन वाटे, वाकून पाहिल्यावर कळे की प्रत्येक बी चीनमधील जिंगडेझेन या पोर्सिलेनसाठी प्रसिद्ध शहरातील कारागिरांनी हाताने रंगवली आहे. गर्दी आणि व्यक्ती यांविषयीचे म्हणणे त्या दोन अंतरांतच मांडलेले होते. (त्यांवरून चालणे मात्र पोर्सिलेनच्या धुळीमुळे थोड्याच दिवसांत थांबवावे लागले. तुम्हीही वाळलेला गाळ मास्क लावून ओलसर करूनच चाळावा, कारण सिलिकाची धूळ फुफ्फुसांना घातक असते.)

पट्ट्यांवर घोषणा कोरू नये. गाळ कोणत्या शेतातला आणि किती टक्के, एवढेच मागे लिहावे.