‘माल्टी’ म्हणजे गोड नव्हे

घरी बिअर करणाऱ्यांच्या एका स्पर्धेत परीक्षक असलेल्या वाचकाने विचारलं आहे: ‘वी हेवी’ या स्कॉटिश एलवर (एल हा बिअरचाच एक प्रकार) शेरा लिहायचा होता. मनात इंग्रजीत आलं, ‘रिच, माल्टी, वॉर्मिंग फिनिश’. मराठीत लिहिलं, ‘समृद्ध, माल्टयुक्त, उष्ण शेवट’. हे खटकतंय, मग ‘माल्टी’ला सरळ ‘गोड’ म्हणावं का?

‘गोड’ म्हणू नका. का, ते कळायला आधी माल्ट काय आहे ते बघू.

जव भिजवायचे, मोड आणायचे आणि मोड फार वाढायच्या आत भट्टीवर वाळवायचे, की माल्ट झाला. आपल्याला ही क्रिया नवी नाही. वालाचं बिरडं करताना पहिल्या दोन पायऱ्या त्याच असतात, आणि ‘बिरडं’ या शब्दाचं नातं ‘विरूढ’ म्हणजे मोड आलेलं याच्याशीच सांगतात. नाचणीला मोड आणून केलेलं सत्त्व तर माल्टच्या अगदी शेजारी येतं. म्हणून काही जण माल्टला ‘सत्त्व’ सुचवतात. मला ते पटत नाही. गुळवेलीचं सत्त्व हा नुसता स्टार्च असतो, त्याला मोडाशी काही देणंघेणं नाही. नाम म्हणून ‘माल्ट’च ठेवावा, तो मराठीत रुळलेला आहे.

अडचण विशेषणाची आहे. मोड आलेल्या दाण्यात पिठाची साखर करणारी एन्झाइम्स तयार होतात. भरडलेला माल्ट 65 ते 68 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की मुख्यतः माल्टोज मिळतो. हा माल्टोज पुढे यीस्ट खाऊन टाकतं. म्हणजे साखरेचा बराच भाग बिअरमध्ये उरतच नाही, तरी माल्टची चव उरते, कारण ती मुख्यतः भट्टीवर भाजल्याने आलेली असते. जिभेवर कोरडी लागणारी बिअरसुद्धा भरपूर ‘माल्टी’ असू शकते. गोडी ही एक गोष्ट आणि माल्टची चव ही दुसरी. शेऱ्यात दोन्ही वेगळी लिहायला हवीत, नाहीतर ज्याने बिअर केली त्याला नेमकं काय सुधारायचं ते कळणारच नाही.

भाजण्याच्या चवीला आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही. हलक्या भाजलेल्या माल्टला पावाच्या कडेचा, ताज्या भाकरीच्या पापुद्र्याचा वास असतो. थोडं पुढे गेलं की ‘खमंग’, आणखी पुढे ‘खरपूस’, आणि हद्द ओलांडली की ‘करपट’. खरपूस आणि करपट यांतली रेघ आपल्या घरात पाच वर्षांच्या मुलालाही कळते. बिअरच्या परीक्षकाला हीच रेघ हवी असते, आणि ‘माल्टयुक्त’ या शब्दात ती कुठेच नाही.

आता वी हेवीकडे. बिअरच्या परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम या संस्थेच्या 2021च्या नियमावलीत ही शैली 17सी या क्रमांकावर आहे: अल्कोहोल 6.5 ते 10 टक्के, कडूपणा 17 ते 35 आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक), म्हणजे ताकदीच्या मानाने हॉप्स, बिअरला कडूपणा देणारी फुलं, अगदी बेताची. एडिनबराहून आणलेली ट्रॅक्वेअर हाउस एलची एक बाटली आम्ही तिघांनी मिळून उघडली होती. स्कॉटिश बॉर्डर्समधल्या या जुन्या वाड्यातली ब्रुअरी 1965मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि तिथे आजही ओकच्या पिंपांत बिअर आंबवतात. फ्रिजमधून काढल्या काढल्या पहिला घोट घेतला तर नुसता पावाच्या कडेचा वास आला. ग्लास तळहातात धरून बसलो. वीसेक मिनिटांनी त्यातून काकवी वर आली. गूळ नव्हे, काकवीच: पातळ, गडद, किंचित खारट कडा असलेली. त्यामागे मनुका. घोट उतरल्यावर छातीत हळूहळू ऊब पसरली, पण घसा कुठेही जळला नाही.

काकवीची उपमा मी ओढूनताणून देत नाही. बरेच ब्रुअर या शैलीसाठी माल्टचा पहिला दाट रस बराच वेळ उकळून आटवतात. इंग्रजीत या चवीला सर्रास ‘कॅरॅमल’ म्हणतात, पण माल्टोजचं खरं कॅरॅमल व्हायला 180 अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि उकळता रस शंभरच्या थोडाच वर जातो. तिथे घडते ती साखर आणि अमिनो आम्लं यांची मायार अभिक्रिया. गुऱ्हाळाच्या काहिलीत उसाचा रस तांबूस होत जातो त्यातही तिचा हात असतो. तेव्हा ‘काकवीसारखी’ हा शब्द ‘कॅरॅमलसारखी’पेक्षा अधिक खरा आहे.

गोडीलाही एकच शब्द पुरत नाही. ‘गोडसर’ ही नोंद झाली, दोष नाही. ‘गुळचट’ म्हटलं की गोडी आहे पण तिला आधार नाही, बिअर फिकी पडली असा अर्थ निघतो. ‘गोडमिट्ट’ म्हणजे तोंडाला मिठी बसली, दुसरा घोट नको झाला. इथे गुण कापायचे. पन्नासपैकी वीस गुण चवीचे असतात, वासाचे बारा, त्यामुळे हा फरक महाग पडतो. बटरचा वास ठळक असेल तर दोष लिहा, पण त्याला ‘खवट’ म्हणू नका. खवट म्हणजे बिघडलेलं तेल-तूप, आणि हा वास ताज्या बटरचाच असतो. ओल्या पुठ्ठ्यासारखं लागलं तर ‘शिळी’. पीटच्या, म्हणजे दलदलीतून काढून जाळायला वापरतात त्या मातीच्या, धुराचा वास व्हिस्कीत शोभतो, या एलमध्ये नाही. तिथे ‘धुरकट’ हा शब्द दोष म्हणूनच येईल.

उरले ‘हेवी’ आणि ‘उष्ण’. ‘उष्ण’ वाचलं की आपल्याला पपई आणि तोंड येणं आठवतं, त्यामुळे ‘ऊब’च बरी. आणि ‘हेवी’ला ‘जड’ म्हणू नका, ते पोटाला जड होतं. शिवाय स्कॉटलंडमध्ये नुसती ‘हेवी’ म्हणजे चार टक्क्यांच्याही आतली साधी एल. जुन्या काळी तिथे पिंपाच्या भावावरून एल ओळखत, साठ शिलिंग, सत्तर शिलिंग अशी. त्यातली सत्तरची ती हेवी. ‘वी’ म्हणजे स्कॉट्समध्ये चिमुकली. प्रेस्टनपॅन्सच्या फाउलर ब्रुअरीची कडक एल पाइंटच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या बाटलीत मिळे, त्यावरून हे नाव रूढ झालं. मापावरून पेयाला नाव पडणं आपल्याला अनोळखी नाही: नऊ टाक, म्हणजे शेराचा आठवा हिस्सा, ते ‘नवटाक’, आणि ‘नवटाक मारली’ म्हटलं की काय मारली ते सांगावं लागत नाही. तेव्हा शैलीचं नाव ‘वी हेवी’ असंच राहू द्या.

तुमचा शेरा मी असा लिहीन: ‘वास खरपूस, भाकरीच्या पापुद्र्याचा, ग्लास कोमट होताच काकवी आणि मनुका. अंगाने दाट, गोडसर, पण तोंडाला मिठी बसत नाही. अल्कोहोल लपलेलं, घोट उतरल्यावर ऊब, जळजळ नाही.’