पायऱ्यांचा सांडवा : पायरी किती उंच, हवेचे काम काय?

प्रश्न : शेततळ्याच्या सांडव्यातून जोराच्या पावसात सेकंदाला सुमारे ३०० लिटर पाणी ओढ्यात उतरते. उतार ३ मीटर उंचीचा, सांडवा दीड मीटर रुंद. गुळगुळीत काँक्रीटच्या पायथ्याशी दरवर्षी खड्डा पडतो. आता पायऱ्या बांधायच्या आहेत. गवंडी २० सेंमीची पायरी सुचवतो. चालेल का? पाणी पांढरे होते, ती हवाच जोर मोडते का?

उत्तर : २० सेंमी नको, ३० सेंमी करा. दर मीटर रुंदीला २०० लिटर पाणी म्हणजे कडेवरची क्रांतिक खोली (एवढे पाणी कमीत कमी ऊर्जेने वाहते ती खोली) साधारण १६ सेंमी. या खोलीला पायरीच्या उंचीने भागा. ३० सेंमीला ०.५३ येते, म्हणजे पाणी प्रत्येक पायरीवर पडून, आपटून पुढे जाते. २० सेंमीला ०.८ येते. ती मधली, अस्थिर अवस्था : प्रवाह उसळतो आणि शिंतोडे भिंतीबाहेरची माती धुतात. पायरी आणखी बुटकी केली, तर पाणी कडांवरून सरळ घसरू लागते. इतक्या लहान उतारावर त्यात जोर कमी मोडतो.

पायरीची रुंदी ९० सेंमी ठेवा. पडणारी धार सुमारे ७७ सेंमीवर टेकते. ६० सेंमीच्या पायरीवर ती टेकण्याआधीच पायरी संपेल. अशा १० पायऱ्यांनंतर तळाशी वेग सेकंदाला पावणेतीन मीटर उरतो. गुळगुळीत उतारावर तो पाच-सहा मीटर असतो, आणि खड्डा त्यानेच पडतो.

पायथ्याशी ३ मीटर लांबीचा काँक्रीटचा ओटा, टोकाला ३० सेंमी उंबरठा आणि त्याखाली जमिनीत उतरलेली भिंत हवीच. ही भिंत गाळली, तर माती ओट्याखालून निघून जाते. पायऱ्यांच्या कडा लेव्हल नळीने तपासा. कड एका बाजूला दोन सेंमी जरी खाली असली, तरी पाणी तिकडेच गोळा होते.

हवा स्वतः जोर मोडत नाही. जोर भोवऱ्यांत आणि आपटण्यात मोडतो आणि उष्णता होतो, तीही इतकी थोडी की ३ मीटरच्या पडीने पाणी जेमतेम ०.००७ अंश तापते. पण पायरीवरून पडणाऱ्या पाण्याच्या पडद्यामागच्या पोकळीत हवा खेळती हवी. बाजूच्या भिंतींमुळे ती कोंडली, की पाणी आतली हवा ओढून नेते आणि पडदा थडथडत राहतो. प्रत्येक पायरीमागे भिंतीतून दोन इंची पाइप काढा. गाळाने तो बुजतो, म्हणून पावसाळ्याआधी साफ करा.

प्रश्न : प्रयोगशाळेत पायऱ्यांच्या सांडव्याच्या पायथ्याशी मोजपट्टीने खोली मोजून ऊर्जेचा ऱ्हास काढला. फार मोठा आला. चूक कुठे?

उत्तर : फेसाळ पाण्याची खोली तुम्ही निव्वळ पाणी धरलीत. सरासरी ४० टक्के हवा असेल, तर पाणी मोजलेल्या खोलीच्या ६० टक्केच असते. म्हणजे खरा वेग तुम्ही काढलेल्या वेगाच्या १.६७ पट आणि वेगशीर्ष (वेगामुळे पाण्यात असलेली ऊर्जा, वेगाच्या वर्गाच्या पटीत) जवळपास २.८ पट. एवढी उरलेली ऊर्जा हिशेबातून निसटते, आणि त्यावर बेतलेले शमनकुंड (पायथ्याशी पाण्याचा उरलेला जोर जिरवणारे कुंड) आखूड पडते. हवेचे प्रमाण मोजणारी सुई वापरून खोलीभर वाचने घ्या, त्यातून निव्वळ पाण्याची खोली काढा. सुई नसेल, तर ओघ (सेकंदाला किती पाणी वाहते ते) मोजा आणि पायथ्याशी वेगवान पाणी एकदम संथ होऊन उंचावते त्या उसळीनंतर पाणी जिथे पुन्हा स्वच्छ होते तिथली खोली घेऊन मागे हिशेब करा. बाजूच्या भिंतीची उंची मात्र फुगलेल्या खोलीवरूनच ठरवायची.